जाड आवाज

आमच्या बाबांना नेमकं किती ऐकू येतं, यावर आमच्या घरात सोळा वर्षं वाद चालू आहे. आई म्हणते, त्यांना सगळं बराबर ऐकू येतं, फक्त कामाचं सांगितलं की येत नाही. थोरला भाऊ म्हणतो, काही ऐकू येत नाही, तोंडाकडं बघून अंदाज मारतात. दोघंही आपापल्या मतावर ठाम. मी या वादात गप्प बसतो, पण खरं काय ते कळायची सगळ्यात जास्त गरज मलाच होती. कारण सोळा वर्षांपूर्वी नांदेडला, माझ्या कॉलेजच्या मैदानावर, एका हेवी मेटलच्या कार्यक्रमात, बाबांच्या पाठीमागं दोन हात अंतरावर उभा राहून मी एक वाक्य बोललो. ते त्यांनी ऐकलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही. ऐकलं नसेल तर सुटलो. आणि विचारणार तरी कसं? विचारायचं म्हणजे ते वाक्य पुन्हा एकदा बोलून दाखवायचं आलं.

आता तुम्ही म्हणाल, हिंगोली जिल्ह्यातला मेंढरं राखणारा माणूस हेवी मेटल ऐकायला गेला काहून? तेच सांगतो.

आमचं गाव नरसीच्या अलीकडं. घरी पाच एकर रान, पन्नासेक मेंढरं आणि एक मृदंग. मेंढरं आजोबांकडून आली तशी मृदंगाची जागाही त्यांच्याकडूनच आली. जागा म्हणजे देवळातला उजवा खांब. त्याला पाठ टेकून बाबा बसायचे. ते मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले असले तरी तिथं दुसरं कुणी बसत नसे, बाकीचे सरकून बाजूला बसत. एकादशीला आई दुपारीच कणीक मळून द्यायची, पोळीसाठी नव्हे, मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापायला. कणकेनं आवाज जड होतो, घुमतो. बाबा बोटानं थोडी काढत, थोडी लावत, थाप मारून बघत, पुन्हा काढत. कणीक सैल झाली तर आईला बोलणी बसायची आणि आई म्हणायची, "घरात पोळ्या वातड झाल्या तर एक शब्द बोलत न्हाईत, अन् ह्या कातड्याचे लाड बघा."

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा हे सगळं बिघडायला लागलं. भजनात टाळ आणि मृदंग एकमेकांना धरून चालतात. बाबा मात्र मधेच पुढं निघून जायला लागले, आणि आपण पुढं गेलोय हे त्यांना कळायचंच नाही. आधी त्यांनी टाळकऱ्यांना झापलं. "काहून एवढं मरगळून वाजवून राहिले? जेवले न्हाई का?" मग टाळांनाच नावं ठेवली. म्हणाले, टाळ बोदे झालेत, नवे आणा. नवे आणले. तरी तेच.

शेवटी एका एकादशीला भजन संपल्यावर विणेकरी त्यांच्याजवळ येऊन बसले. भजनात वीणा गळ्यात घालून उभे राहायचे ते हे, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांनी मिळून मेंढरं राखलेली, एका भाकरीत जेवलेले. ते खाली बघत म्हणाले, "गड्या, दोन एकादशा आराम कर. कनेरगावच्या बाजूला एक वाजवणारा हाय, त्याला बोलावू."

चपलेनं मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. बाबा घरी आले, मृदंगाला गवसणी घातली आणि धान्याच्या कोठीमागं ठेवून दिला. वर म्हणाले, "त्यांचंच बिघडलं हाय सगळ्याइचं."

मग महिनाभरानं रानात एक कोकरू बोरीच्या काट्यात अडकलं. आई बांधाच्या पलीकडं खुरपत होती, तिला त्याचं ओरडणं ऐकू आलं आणि ती पळत आली. बाबा त्या बोरीपासून दहा पावलांवर बिडी ओढत उभे होते, पाठ करून. आईनं कोकरू सोडवलं आणि रागारागानं त्यांच्या हातात दिलं. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यातून त्यांना काहीच येत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला फोन लावला. म्हणाले, "तुझ्या नांदेडात कानाचा डाक्टर असंल की." खांबाजवळची ती जागा राहते का जाते, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं, बाकी कानाचं त्यांना काही पडलं नव्हतं.

आमच्याकडं दुखणं मोठं झालं की नांदेड. बाबा पहाटेच्या गाडीनं बाळापूरमार्गे आले. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पटका, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. ही पिशवी त्यांच्या कमरेला कायमची. देवाचा भंडारा, म्हणजे हळद, कुठं कशाला लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेंढराला जखम झाली की भंडारा, माणूस परगावी निघाला की कपाळाला भंडारा.

दवाखान्यात त्यांना काचेच्या एका लहान खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. आतून बारीक पिप् पिप् असे आवाज सोडतात. तपासणारा पोरगा पाच मिनिटांत घामाघूम झाला. बाहेर येऊन मला म्हणतो, "ते आवाज नसतानाही दाबतायत हो!" मी काचेतून बघितलं. बाबा डोळे मिटून बटणावर ठेका धरून बसले होते. दोन-चार आवाज आले, त्यांनी त्याचा ताल पकडला, आणि पुढचा आवाज कधी यायला पाहिजे ते त्यांना ठाऊक झालं होतं! आलाच नाही तरी ते आपलं दाबत होते. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. सगळी तपासणी पुन्हा करावी लागली, ताल मोडून मोडून.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी कागदावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं, "बारीक आवाज गेलेत. घंटी, पाखरं, लहान लेकरं, बायकांचं बोलणं, हे कमी येणार. जाड आवाज अजून शाबूत आहेत. आता यांचा आवाज बघा," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हा जाड आहे. याचं बोलणं तुम्हाला बरंच येईल."

बाबांनी विचारलं, "अन् टाळ?"

"टाळ नाही येणार."

"औषधानं?"

"नाही. मशीन लावता येईल, पण त्यात टाळ नुसता खणखणेल, त्रास होईल."

बाबा उठले, नमस्कार केला आणि बाहेर येऊन चपला घातल्या. रिक्षात एक शब्द नाही. बापाला असं गप्प बसलेलं बघायची सवय नव्हती मला. रागवायचे, शिव्या द्यायचे, पण गप्प कधी नाही.

त्या दिवशी चार वाजता आमचं गॅदरिंग होतं. मी त्यांना खोलीवर झोपवून एकटा जाणार होतो. खरं सांगतो, लाज वाटत होती. पटका, धोतर, आणि आमचं ते कॉलेज, जिथं मी दोन वर्षं "न्हाई" चं "नाही" करत जगत होतो. पण बाबा चपला काढायलाच तयार नव्हते. "काय हाय तिथं?"

"गाणं हाय बाबा. तुमच्या कामाचं न्हाई."

"माझ्या कामाचं आता काय राहिलं हाय? चल, बघू तर कसलं हाय ते."

मैदानावर लाकडी फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. सगळ्यांना वाटत होतं ऑर्केस्ट्रा आहे. फक्त आमचा एक सिनियर, नांदेडचाच, खांद्याखाली केस वाढवलेला, त्याला माहीत होतं; त्यानंच कुठून कुठून ओळखी काढून पुण्याची चार पोरं बोलावली होती. काळे कपडे घातलेली चार पोरं वर आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम सुरूच केलं.

अरे बाप रे! कानफटात बसल्यासारखं झालं. पुढच्या खुर्च्यांवरचे सर लोक कानांवर हात ठेवून उठले. स्टेजमागच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले. मी स्वतः असलं गाणं त्याआधी फक्त त्या सिनियरच्या खोलीत ऐकलं होतं, दाराआडून. गाणारा गात नव्हता, डरकाळ्या फोडत होता. मी घाबरून बाबांकडं बघितलं. त्यांनी कान झाकले नव्हते. ते खाली, स्वतःच्या पोटाकडं बघत होते. सदऱ्यावर हात ठेवून बघत होते.

"हे काय येऊन राहिलं पोटात?" त्यांनी ओरडून विचारलं.

"ढोल हाय बाबा, त्याचा धक्का!"

"कोनता? ढोल तर गळ्यात न्हाई कुनाच्या!"

मग एकामागून एक सुरू झालं. तो मागं बसलेला हातानं वाजवून राहिला का पायानं? पायानं? दोन्ही पायानं? एकाच ढोलाला दोन पाय काहून? अन् ह्या वरडणाऱ्याला काय तकलीफ हाय? घसा धरला का त्याचा? सकाळपासून गप्प बसलेला माणूस सुटलाच. मी उत्तरं देता देता थकलो, निम्मी तर मलाही ठाऊक नव्हती.

तेवढ्यात त्या सिनियरनं आणि त्याच्या चार दोस्तांनी स्टेजसमोर घोळका केला आणि माना झाडायला सुरुवात केली. तुम्ही बघितलं असेल, केस मोकळे सोडून, कमरेत वाकून, मान गरागरा फिरवतात. मी बघतो तर बाबांचा चेहरा एकदम बदललेला. त्यांनी एक हात वर करून स्टेजवरच्या पोरांना खूण केली, चालू ठेवा, थांबू नका. आणि कमरेची पिशवी सोडत ते घोळक्यात घुसले.

मी त्यांच्यामागं धावलो, पण मला कळायला उशीर झाला. आमच्याकडं देवाच्या ठिकाणी ढोल चढला की कुणाच्या तरी अंगात येतं, केस सुटतात, मान घुमायला लागते. तेव्हा वाजवणाऱ्यानं थांबायचं नसतं; मधेच थांबलं तर त्या माणसाला बाधतं. आणि जाणत्यानं पुढं होऊन भंडारा लावायचा, विचारायचं, देवा, कोण आहेस, काय पाहिजे. आमच्या गावात हे काम बाबांचं. त्यांच्या हिशेबानं इथं एक नाही, पाच जणांच्या अंगात आलं होतं आणि एकही शहाणं माणूस पुढं होत नव्हतं.

त्यांनी सिनियरची मान मागून आधार देऊन धरली, चिमूटभर भंडारा त्याच्या घामेजल्या कपाळावर चोळला, आणि त्याच्या कानात ओरडले, "कोन हायेस बाबा तू? काय चुकलं लेकराचं? काय पायजे तुला, सांग!"

सिनियर जागच्या जागी थिजला. कपाळ पिवळं, डोळे एवढे मोठे. भोवतीची पोरं फिदीफिदी हसायला लागली. कुणीतरी मोबाइल काढला. माझे कान गरम झाले, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. आणि नेमकी तेव्हाच आमच्या वर्गातली एक मुलगी, जिच्याशी मी महिन्याभरात चार वाक्यं नीट शुद्ध बोललो होतो, ती माझ्याजवळ सरकली आणि ओरडली, "हे तुझ्यासोबत आले ना? तुझे वडील आहेत का?"

मीही गाण्याच्या वर आवाज काढून ओरडलो, "नाही गं!" आणि गाणं थांबलं. एकदम, धाडकन. पण माझं तोंड थांबलं नाही. सगळं मैदान शांत, आणि त्या शांततेत माझा आवाज खणखणीत निघाला, "गावाकडचे आहेत एक! दवाखान्यासाठी आलेत!"

बाबा माझ्याकडं पाठ करून उभे होते. त्यांचा हात सिनियरच्या डोक्यावर होता. तो हात क्षणभर तसाच थांबला. निदान मला तसं वाटलं. इतक्या वेळा तो हात मी आठवलाय की आता तो खरंच थांबला होता का मी थांबवलाय, हेही सांगता येत नाही. सकाळी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बोट करून सांगितलेलं मला तेव्हा आठवलं: याचं बोलणं तुम्हाला बरंच येईल.

आता गंमत बघा. ज्याला सगळ्यांत जास्त राग यायला पाहिजे तो सिनियर हसलाही नाही. त्यानं बाबांना हात जोडले आणि आमच्या नांदेडच्या हिंदीत म्हणाला, "बाबा, और लगाओ. इन सबको भी लगाओ." पोरांनी रांग लावली की हो! बाबांनी एकेकाच्या कपाळाला भंडारा लावला. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा स्टेजसमोर दहा-बारा पिवळी कपाळं गरागरा फिरत होती. आणि सिनियरनं बाबांचा हात धरून त्यांना थेट स्टेजपाशी नेऊन उभं केलं. मी मागंच राहिलो. ज्या बापाला परका म्हटलं त्याच्या बाजूला आता कोणत्या तोंडानं उभं राहणार?

लांबून मी बघत होतो. बाबांनी आधी स्टेजच्या फळीवर बोटं टेकवली, तव्याचा चटका बसेल की काय अशी. मग पुरते तळवे ठेवले. मग कोपरं. मग डोळे मिटले. त्यांची मान हलायला लागली, पोरांसारखी नाही, त्यांची स्वतःची, मृदंगावर बसल्यावर हलते तशी. आणि बोटं वाजवायला लागली. मी दुसरं काही ऐकलंच नाही, नुसता त्या बोटांकडं बघत होतो आणि मागच्या ढोलाच्या ठोक्याशी मेळ बसतोय का ते बघत होतो. बसत होता. एका गाण्यात नाही, दोन गाण्यांत नाही, कुठंच ताल सुटला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसत असताना मला स्वतःची जास्तच शरम वाटली.

कार्यक्रम संपला तेव्हा उन्हं उतरली नव्हती. बाबा सरळ स्टेजवर चढले आणि ढोलवाल्याच्या समोर उकिडवे बसून त्याच्या मोठ्या ढोलात डोकावले. आत एक उशी कोंबलेली होती. झोपायची, खोळ घातलेली साधी उशी. "ही काहून?" त्यांनी विचारलं. तो घामानं निथळत होता, पण पोरगा भला. म्हणाला, उशी नसली तर आवाज मोकाट सुटतो, उशीनं तो जड होतो, गोळा होतो.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "आमी कणीक लावतो! तू उशी घालतो व्हय!" आणि मग पंधरा मिनिटं दोघांचं जे काही चाललं, त्यात निम्म्या गोष्टी हातवाऱ्यांनी. बाबांनी त्याचे पायातले दोन दांडके स्वतः दाबून बघितले. तो विचारत होता कणीक कशाची, किती ओली. मला कुणी काही विचारलं नाही. मी स्टेजखाली त्यांच्या चपला सांभाळत उभा होतो.

मुक्काम करा म्हटलं तर ऐकेनात. संध्याकाळच्या गाडीनंच निघाले. खिडकीत बसून मला म्हणाले, "दवाखान्यासाठी आलो, पर काम भलत्याच ठिकानी झालं बघ." गाडी हलली. मी तिथंच उभा. दवाखान्यासाठी आलो! हा शब्द त्यांनी सहज वापरला का मला ऐकवला? सोळा वर्षं मी त्या एका शब्दाला उलटंसुलटं करून बघत होतो.

पुढं काय झालं ते आईनं सांगितलं. घरी येताच त्यांनी गोठ्यातलं जुन्या दाराचं एक सागवानी फळकूट काढलं, धुतलं आणि एकादशीला डोक्यावर घेऊन देवळात गेले. उजव्या खांबाशी आडवं टाकलं. एका टोकाला आपण मृदंग घेऊन बसले आणि विणेकऱ्यांना म्हणाले, "तू दुसऱ्या टोकाला हुबा रहा. अनवानी. टाळाच्या ठेक्यावर टाच मारत जा. बाकी मी बघतो." लोक हसले. विणेकरी हसले नाहीत. त्यांनी वीणा गळ्यात घातली आणि फळीवर उभे राहिले. पहिला अभंग जरा इकडं तिकडं झाला. दुसऱ्यापासून बाबांनी जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. कनेरगावचा वाजवणारा त्या दिवशी टाळ घेऊन बसला, आणि भजन झाल्यावर फळीवर हात ठेवून बघत होता म्हणे.

ती फळी अजून देवळात आहे. पोरं तिला बाबांचा फोन म्हणतात. विणेकऱ्यांचे गुडघे गेले तेव्हापासून कुणी ना कुणी टाच मारायला उभं राहतं. मी पुण्याहून गावी आलो की मी राहतो. टाच मारताना समोर बाबांची पाठ असते, मान हलत असते, आणि दर वेळी मनात यायचं, आज विचारावं. पण कसं? बोलून त्यांना कळणार नाही, आणि टाचेनं हे विचारता येत नाही.

कान तर वर्षावर्षाला जातच राहिले. आता जाड आवाजही गेल्यासारखे आहेत. मशीन आणून दिलं, ते सदऱ्याच्या खिशात असतं. आई म्हणते, "खिशाला आयकू येतंय आता." मला वाटायला लागलं होतं की संपलं, आता कधीच कळणार नाही. खोटं कशाला बोलू, कधी कधी बरंही वाटायचं.

गेल्या महिन्यात त्यांना घेऊन हिंगोलीला गेलो. आता हिंगोलीतही कान तपासतात. बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं बाकांवर बसलेली. टेबलाशी एक मुलगी कागद भरत होती. नाव झालं, गाव झालं, वय झालं. बाबा तिच्या तोंडाकडं बघत बराबर उत्तरं देत होते, मशीन खिशातच. मग तिनं पेन माझ्याकडं केलं आणि त्यांना विचारलं, "हे सोबत कोण आहेत? तुमचे कोण लागतात?"

बाबांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं, निवांत, वरपासून खालपर्यंत, जसं मेंढरू विकत घेताना बघतात. मग तिच्याकडं वळून अगदी शुद्ध, माझ्या कॉलेजातल्या भाषेत म्हणाले, "पुण्याचे आहेत एक. दवाखान्यासाठी आलेत."

सोळा वर्षं! सोळा वर्षं हा माणूस ते वाक्य पोटात घेऊन माझ्यासोबत जेवला, माझ्या लग्नात नाचला, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिच्या हातानं मृदंगावर थाप मारून घेतली, आणि एकदा, एकदाही तोंडातून काढलं नाही. मुलगी कागदावर पेन टेकवून थांबली होती. तिला काही कळत नव्हतं. "मग नातं काय लिहू?" तिनं मला विचारलं.

"लेक," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, आणि या वेळी आवाज असा निघाला की बाकांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, आतून डॉक्टर दारात आले. "लेक हाय मी त्यांचा! हे माझे वडील हायेत!"

बाबांनी कानात करंगळी घालून फिरवली.

"वरडून काहून राहिला?" ते म्हणाले. "मी काय बहिरा हाय का?"